बाउता कागदाचा की आर्लेकिनो चामड्याचा?

व्हेनिसच्या कार्निव्हलसाठी मुखवटा घ्यायचा तर ठेल्यावरचे प्लॅस्टिकचे नकोत, हे तुम्ही जाणताच. खरा पेच पुढे आहे: कागदाचे थर चिकटवून केलेला घ्यावा की चामड्याचा? मी दोन्ही वापरलेत.

देखणेपणात बाउताला, म्हणजे पूर्ण चेहरा झाकणाऱ्या कागदी मुखवट्याला, तोड नाही. पांढरा चेहरा, त्रिकोणी टोपी, अंगावर काळा ताबार्रो, म्हणजे लांब झगा. आत उमराव आहे की साधा नागरिक, पुरुष की बाई, कळत नाही. अठराव्या शतकातल्या व्हेनिसकरांना हेच हवं होतं. खालचा भाग पुढे काढलेला, त्यामुळे मुखवटा न उतरवता खाता-पिता येतं. लोकरीचा ताबार्रो फेब्रुवारीच्या थंडीत फार ऊबदार.

पण त्या पुढे आलेल्या भागातच माझा श्वास साचायचा. सान मार्कोच्या चौकात धुकं उतरलेलं होतं. तासाभरात मुखवटा आतून ओला झाला, मग ओठाची कड मऊ पडली आणि खळीचा वास नाकात बसला. बोलावं तर स्वतःचेच शब्द कानात घुमत. रात्री तो सुकला, पण कड वाकडी झाली ती झालीच. दुसऱ्या कुणाला एवढा त्रास होणारही नाही कदाचित. मला मात्र पुन्हा तो तोंडावर चढवावासा वाटेना.

आर्लेकिनो म्हणजे जुन्या इटालियन प्रहसनांतला विनोदी नोकर. त्याचा चामड्याचा मुखवटा अर्धाच, तोंड मोकळं. ओलं चामडं लाकडी साच्यावर ठोकून घडवतात. घाम ते शोषून घेतं, आणि तिसऱ्या दिवशी तर मुखवटा माझ्या गालांच्या हाडांवर आपसूक बसला. 1947 मध्ये मिलानच्या पिक्कोलो तेआत्रो या नाट्यगृहात आर्लेकिनो करणारा नट मार्चेल्लो मोरेत्ती सुरुवातीला मुखवटा टाळून चेहराच काळा रंगवायचा. पुढे पादोव्हाच्या आम्लेतो सार्तोरींनी चामड्याचे मुखवटे घडवले, तेव्हा कुठे तो मुखवट्याला राजी झाला. त्याचं मन मला आता कळतं.

चामडं बरंच महाग, हे खरं. आपल्याकडच्या पावसाळ्यात बुरशीही धरतं, अधूनमधून पुसून सावलीत वाळवावं लागतं. आर्लेकिनोच्या ठिगळांच्या तंग पोशाखाखाली गरम कपडे लागतातच. तासभर फोटो काढायचे असतील तर बाउता खुशाल घ्या. दिवसभर हिंडायचं, बोलायचं असेल, तर दुकानात दोन्ही लावून दहा-दहा मिनिटं गप्पा मारून पाहा, आणि उतरवल्यावर आतून हात फिरवा.