समुद्राच्या पाण्याचं १६एस सिक्वेन्सिंग बाहेरून करून घेतलं, त्याचा रिव्ह्यू

कंपनीचं नाव टाकत नाहीये, आमचे अजून काही सॅम्पल त्यांच्याकडेच पडून आहेत. पाचपैकी साडेतीन स्टार, आणि त्यातला अर्धा एकट्या टेक्निकल सपोर्टवाल्या मॅडमचा.

आमचं काम गोव्याच्या किनाऱ्यासमोरच्या पाण्यातल्या सूक्ष्मजीवांवर. पावसाळा सरत आला की सप्टेंबर-ऑक्टोबरात इथे उथळ समुद्राच्या तळाजवळचा ऑक्सिजन जवळपास संपतो, कधी कधी हायड्रोजन सल्फाइडसुद्धा सापडतो, तर अशा पाण्यात नक्की कोण जगतंय हे बघायचं, बॅक्टेरिया आणि आर्किया (बॅक्टेरियासारखेच दिसणारे पण वेगळ्या गटातले सूक्ष्मजीव) यांच्यातल्या १६एस या जीनची अक्षरं वाचून, म्हणजेच सिक्वेन्सिंग करून. पाणी ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून ओढायचं, फिल्टरवरून डीएनए काढायचा, इथपर्यंत लॅबमध्ये होतं. ती अक्षरं वाचणारं मशीन, सिक्वेन्सरच नाही, मग पुढचं सगळं बाहेर.

आता मुद्द्याचं. कोटेशन मागवलं की कंपनी न विचारता व्ही३-व्ही४ (१६एस जीनमधले ठरावीक भाग) लिहून पाठवते, कारण त्यांचं बहुतेक गिऱ्हाईक आतड्यातल्या बॅक्टेरियावालं. त्याचे प्रायमर, म्हणजे हवा तो भाग पकडणारे डीएनएचे छोटे तुकडे, मुळात बॅक्टेरियासाठी बनवलेत, आर्किया त्यात फारसे येतच नाहीत. आणि आमच्या पाण्यात अमोनियाचं नायट्राइट करणारे मोठे कामगार तेच की! या गटातला पहिला शुद्ध कल्चर २००५ मध्ये सिएटलच्या मत्स्यालयातल्या टाकीतून मिळाला होता, नायट्रोसोप्युमिलस. त्यांना वगळून नायट्रोजनवर काय डोंबल बोलणार?

बरं, व्ही४ मागितला तरी प्रायमरची जुनी जोडी (५१५एफ आणि ८०६आर) गळ्यात पडू शकते. जुन्या ८०६आर प्रायमरमध्ये एका जागी 'एच' आहे, म्हणजे तिथे डीएनएच्या चार अक्षरांपैकी ए, सी किंवा टी चालतं, जी चालत नाही. नेमका तिथेच सार-११ मार खातो. सार-११ म्हणजे १९९०मध्ये सरगॅसो समुद्राच्या पाण्यातून पहिल्यांदा कळलेला बॅक्टेरियांचा गट, वरच्या थरात कितीतरी ठिकाणी पाव ते एकतृतीयांश पेशी याच्याच असतात. एमी ॲप्रिल आणि मंडळींनी २०१५मध्ये त्या 'एच'चा 'एन' (चारही अक्षरं चालतात) केला. तसंच ५१५एफमधल्या एका 'सी'चा 'वाय' (सी किंवा टी) परादा, नीडम आणि फर्मन यांनी केला, त्यामुळे आर्किया नीट यायला लागले. अख्ख्या प्रायमरमध्ये एकेक अक्षर बदललंय, पण आलेख पार बदलतो.

आम्ही ५१५एफ-वाय (हाच सुधारलेला ५१५एफ) आणि त्याच्या जोडीला ९२६आर मागितले. सेल्सवाला म्हणाला "सर, सगळे व्ही३-व्ही४च करतात" (मी सर नाहीये, असो). मग मॅडमना फोन दिला, त्यांनी मुकाट ऐकून घेतलं, सिक्वेन्स अक्षर न् अक्षर मेलवर मागवला, ऑर्डर करून घेतला आणि आधी दोन सॅम्पलवर पीसीआर करून जेलचा फोटोही पाठवला. भारी काम. ऐन गणपतीत पार्सल कुरियरच्या गोडाऊनमध्ये अडकलं होतं, तेव्हाही त्याच पाठपुरावा करत होत्या. (डीएनए बफरमध्ये होता म्हणून निभावलं, फिल्टर पाठवले असते तर वाट लागली असती.)

डेटाचा दर्जा चांगला. सॅम्पलमध्ये गुपचूप एक मॉक कम्युनिटी, म्हणजे आधीच माहीत असलेल्या जीवांचं मिश्रण, घुसवली होती, आठ बॅक्टेरिया आणि दोन यीस्टवाली. आठही बॅक्टेरिया आले. यीस्ट दिसले नाहीत, पण या प्रायमरने त्यांचा तुकडा इतका लांब निघतो की दोन्ही बाजूंनी वाचलेले तुकडे (रीड्स) एकमेकांना भिडतच नाहीत, त्यामुळे त्याचा दोष कंपनीला नको. सॅम्पलच न घातलेल्या कोऱ्या कंट्रोलमध्ये थोडा राल्स्टोनिया हा बॅक्टेरिया होता, तो किट आणि पाण्यातून येणारा जुना पाहुणा.

आता रडगाणं. कोटेशनवर मायसेक हे सिक्वेन्सर मशीन लिहिलेलं. फास्टक्यू (कच्च्या डेटाची) फाइल उघडली तर प्रत्येक अक्षर किती खात्रीचं ते सांगणाऱ्या क्वालिटीच्या ओळीत चार-पाचच चिन्हं आलटून पालटून, बहुतेक ठिकाणी नुसतं एफएफएफएफ. मायसेकच्या फाइलमध्ये चिन्हांची केवढी तरी सरमिसळ असते. म्हणजे न सांगता नोव्हासेकवर चढवलं, क्वालिटीचे मोजकेच आकडे देणाऱ्या दुसऱ्या मशीनवर. विचारलं तर कंपनी मलाच म्हणते, "मॅडम, रीड्स जास्तच मिळाले ना?" अहो पण डाडा२ (रीड्समधल्या चुका गाळणारं सॉफ्टवेअर) त्या क्वालिटी आकड्यांवरूनच चुका कशा होतात ते शिकतं, आकडे मोजकेच असले की त्याचा हिशोब वेडावाकडा जातो. उपाय आहेत, केलेही, पण रात्री जागून कोणी केले?

आणि तो रिपोर्ट! रंगीबेरंगी पीडीएफ, जुन्या ग्रीनजीन्स डेटाबेसवर चालवलेला, त्यात लिहिलंय 'सायनोबॅक्टेरिया मोठ्या प्रमाणात'. पावसाळ्यातलं किनाऱ्यालगतचं पाणी, डायटम या सूक्ष्म शैवालांनी भरलेलं. त्या डायटमच्या क्लोरोप्लास्टचा (हरितलवकाचा) १६एस त्या डेटाबेसमध्ये सायनोबॅक्टेरियाच्या खात्यात जमा होतो, आणि यांनी तो गाळलाच नाही. गाइडनी पीडीएफ बघून "वा, सायनो वाढले की" म्हटलं, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. ॲनालिसिसचे वेगळे पैसे अजिबात देऊ नका, कच्चा डेटा घ्या आणि सिल्व्हा हा डेटाबेस लावून, क्लोरोप्लास्ट-मायटोकाँड्रिया काढून स्वतः करा.

परत देणार का यांना? हो, मॅडम आहेत तोवर. फक्त कोटेशनवर प्रायमरचा पूर्ण सिक्वेन्स आणि मशीनचं नाव लिहून घ्या, "बदल केल्यास आधी कळवू" हे वाक्यही घालायला लावा. डेटाची लिंक थोड्याच दिवसांत बंद होते, आली की लगेच उतरवून एमडी५ (फाइल जशीच्या तशी उतरली का ते दाखवणारा कोड) जुळवून बघा, आमची एक फाइल अर्धवट उतरली होती.