वेब्ली की लुगर: इतिहासाला कोण अधिक जागते

पहिल्या महायुद्धावरील व्हिडिओ खेळात कमरेला वेब्ली हे ब्रिटिश रिव्हॉल्वर लावावे की लुगर हे जर्मन पिस्तूल, असे धाकट्या मामेभावाने विचारले तेव्हा मी लगेच उत्तर दिले नाही, कारण दोन्ही मी बरेच महिने वापरली आहेत आणि माझे मन सुरुवातीपासून वेब्लीकडेच ओढत होते. मारा आणि पल्ला बाजूला ठेवून, खेळ त्या हत्याराच्या इतिहासाला कितपत जागतो एवढेच येथे पाहतो.

वेब्लीच्या मार्क सहा या नमुन्याचे बाह्यरूप सुरेख उतरले आहे. सहाही काडतुसे एकदम भरणारे गोल साधन पाहून काही जण नाक मुरडतात, परंतु तसे साधन त्या काळी अधिकारी पदरमोड करून घेत असत, तेव्हा तो दोष मानू नये. मार्क सहा स्वीकारले गेले १९१५ मध्ये. खेळात मात्र १९१४ च्या शरद ऋतूत, हिंदी पलटणी फ्रान्समध्ये लढत असतानाच, ते अधिकाऱ्याच्या हाती दिसते. हेही मी एक वेळ चालवून घेतले.

जे चालवून घेता आले नाही ते असे. दोन गोळ्या झाडून रीलोड केले की वेब्ली मधोमध उघडते, सहाही काडतुसे बाहेर उडतात, आणि कोपऱ्यातला आकडा साठ्यातून दोनच वजा करतो. आमच्या ग्वाल्हेरकडे परवान्याचे हत्यार घरात असणे नवलाचे नाही. काकांचे कानपूरचे बत्तीस बोर रिव्हॉल्वर वेब्लीच्याच घडणीचे आहे. खंडेनवमीला पूजेआधी ते रिकामे करताना नळी खाली झुकली की सहाही काडतुसे एकदम चटईवर सांडत आणि ती वेचून देण्याचे काम लहानपणी माझ्याकडे असे. झाडलेले कोणते आणि भरलेले कोणते, हा विवेक त्या यंत्राला नाही. खंदकातल्या चिखलात चार चांगली काडतुसे गमवावीत की उरलेल्या चारांवर निभवावे, हा प्रश्नच खेळाने पुसून टाकला आहे.

लुगर १९०८ पासून जर्मन सैन्यात होती, त्यामुळे युद्धाच्या कोणत्याही वर्षी ती शोभते. शेवटची गोळी सुटली की तिचा वरचा सांधा दुमडलेल्या कोपरासारखा उभा राहतो. खेळात तो तसाच राहत असल्याने मी आकड्याकडे पाहणे सोडले. नळीत एक गोळी असताना मॅगझीन, म्हणजे गोळ्यांची पेटी, बदलल्यास आठाऐवजी नऊ होतात, हेही बरोबर आहे. अर्धवट मॅगझीनमधल्या गोळ्या गुपचूप साठ्यात मिसळण्याचा अपराध येथेही घडतो, पण ते मॅगझीन निदान खिशात जाताना दिसते आणि मनाची समजूत घालता येते. साध्या शिपायांच्याही हाती सर्रास लुगर दिली आहे, हे मात्र खटकते.

सहाही गोळ्या झाडल्याखेरीज रीलोड न करणाऱ्याला वेब्लीचा दोष कदाचित जाणवणारही नाही. मामेभाऊ दर दुसऱ्या गोळीनंतर बटण दाबतो, म्हणून त्याला लुगरच घ्यायला सांगितली.