हार्डनिंगसाठी स्टेनलेस फॉइल : सात-आठ महिने वापरून झाल्यावर

आमचं काम छोटे पंच, डाय इन्सर्ट, गेज पिना असलं. माल मुख्यतः डी२ (हवेत गार होताना कडक होणारं टूल स्टील), थोडा ओएचएनएस (तेलात बुडवून कडक करायचं टूल स्टील). भट्टी साधी इलेक्ट्रिक मफल, म्हणजे बंद पेटीसारखी, आत नुसती साधी हवा. कडक करायला त्यात उघडा डी२ १०२० अंशांवर अर्धा तास ठेवला की पपुद्रे सुटतात. पपुद्रे निदान दिसतात तरी. खरा घोटाळा त्यांच्या खाली असतो, डीकार्बचा. वरच्या थरातला कार्बन निघून जातो आणि कातडी मऊ राहते. असा जॉब, म्हणजे घडवलेला तुकडा, कानसीने तपासला तर कानस आधी चावते, मग आतल्या कडक धातूवर घसरते. मोठ्या ठोकळ्याला ग्राइंडिंगसाठी जास्तीचा माल ठेवता येतो. तीन मिलिमीटरच्या पंचाला तो कुठून ठेवणार?

म्हणून जॉबला हवा लागू नये यासाठी त्याची पुडी बांधायला ३२१ ग्रेडचं स्टेनलेस फॉइल आणलं, जाडी ०.०५ मिमी. ११०० अंशांपर्यंत ते निभावतं, म्हणजे डी२ला पुरेसं. हायस्पीड स्टीलला १२०० च्या आसपास तापवावं लागतं, तिथे हे चालणार नाही. स्वयंपाकघरातली फॉइल चालेल का असं दोघा-तिघांनी विचारलं. ती अॅल्युमिनियमची असते, ६६० अंशांना वितळते, भट्टीचा तळ खराब होईल.

सगळी करामत पुडी बांधण्यात आहे. जॉब थिनरने पुसून कोरडा करायचा. तेल राहिलं तर त्याचा वायू होऊन पुडी फुगते आणि शिवण उघडते. तिन्ही उघड्या बाजू दोनदा दुमडायच्या, प्रत्येक घडी सहा-सात मिलिमीटरची, आणि लाकडी ठोकळ्याने दाबून बसवायच्या. हातोडी मारू नका, घडीवर चीर जाते. पंचाचं टोक फॉइलला भोक पाडतं, म्हणून टोकाशी फॉइलचाच एक जादा तुकडा घालतो. आत कागदाचा बारीक कपटा टाकतो. तो जळताना पुडीतला ऑक्सिजन खाऊन टाकतो. हातमोजे चामड्याचेच घाला, या फॉइलची कड ब्लेडला लाजवते.

पुडीमुळे जॉब तापायला थोडा उशीर होतो, तेवढी मिनिटं वाढवून धरावी लागतात. मग पुडी काढायची आणि न उघडता दोन जाड अॅल्युमिनियम प्लेटांमध्ये दाबायची. डी२ हवेत कडक होतो, त्यामुळे पुडी फोडायची घाई नसते, आणि प्लेटांमुळे पातळ जॉब वाकतही नाहीत. हाताला सोसेल एवढं गार झालं की कात्रीने कापायचं. आतून जॉब राखाडी निघतो, कधी कडेला हलकी पिवळसर झाक. पॉलिशिंगच्या दगडाचे दोन हात मारले की जाते. त्यानंतर लगेच २०० अंशांवर दोनदा टेम्परिंग, म्हणजे ठिसूळपणा कमी करायला पुन्हा तापवणं. कडकपणा रॉकवेल मापावर ६० च्या आसपास मिळतो आणि साइझ ग्राइंडिंगला फक्त शेवटचा हात उरतो.

बाजारात ‘एचसीएचसीआर’ (हाय कार्बन हाय क्रोमियम) म्हणून डी२ आणि डी३ दोन्ही विकतात. डी३मध्ये मॉलिब्डेनम नसतं, तो कडक करायला तेलातच बुडवावा लागतो. पुडीत प्लेटांमध्ये दाबला तर तो पुरेसा कडक होईल याचा भरवसा नाही. टेस्ट सर्टिफिकेट मागा, नुसत्या रंगखुणेवर जाऊ नका.

ओएचएनएसला मात्र मी फॉइल सोडून दिलं. ८०० अंशांवरून तो झटकन तेलात गेला पाहिजे, आणि लालबुंद पुडी पकडीने फोडत बसलं की तेवढ्यात वेळ जातो. पुडीसकट बुडवली तर आतल्या जॉबपर्यंत तेल पोचत नाही. तिथे कॅरमवर टाकतो ती बोरिक पावडर बरी. जॉब आधी थोडा तापवून पावडरीत लोळवायचा, ती वितळून काचेसारखा थर बसतो. नंतर उकळत्या पाण्यात तो सुटतो. ठिबकलेली पावडर भट्टीच्या विटा खाते, म्हणून खाली एक टाकाऊ पत्रा हवाच.

खर्चाचं म्हणाल तर पुडी एकदाच चालते, दुसऱ्यांदा घडी घालायला गेलं की फॉइल तडकतं. एकेका पिनेसाठी पुडी केली तर परवडत नाही. मी एकाच साइझच्या आठ-दहा पिना एका पुडीत, मध्ये फट ठेवून, एका थरात मांडतो. दुसऱ्यांदा मागवलेल्या रोलला आतून बारीक भोकं होती; दुकानदार बदलून द्यायला तयार नव्हता. तेव्हापासून कापलेला तुकडा आधी ट्यूबलाइटसमोर धरून बघतो. तळहाताहून मोठा जॉब आला की अजूनही बाहेर व्हॅक्यूम (निर्वात) भट्टीलाच पाठवतो.