डिकन्सचं चरित्र वाचायचंय, मग फॉर्स्टर की टॉमलिन?

डिकन्सच्या चारदोन कादंबऱ्या वाचून झाल्यात आणि आता त्या माणसाबद्दल वाचावंसं वाटतंय, अशा कुणासाठी हे लिहितोय. चरित्रं खूप आहेत, पण माझ्या मते निवड दोनातच करायची असते. एक जॉन फॉर्स्टरचं, १८७२ ते १८७४ मध्ये तीन खंडांत आलेलं, आणि दुसरं क्लेअर टॉमलिनचं, २०११चं. मी दोन्ही वाचलीत.

फॉर्स्टर म्हणजे डिकन्सचा जवळचा मित्र, प्रुफंसुद्धा तपासणारा, त्यामुळे कादंबऱ्या कशा घडल्या हे त्याच्याइतकं आतून दुसरं कुणी सांगूच शकत नाही. 'ओल्ड क्युरिऑसिटी शॉप'मधल्या लिटल नेलला मारायचं हे त्यानेच सुचवलेलं, आणि 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'चा आधी लिहिलेला आणि मग बदललेला शेवट आपल्याला मिळाला तोही त्याच्याच पुस्तकातून. वडील कर्जापायी मार्शल्सीच्या तुरुंगात आणि बारा वर्षांचा पोरगा बूटपॉलिशच्या कारखान्यात डब्यांना लेबलं चिकटवतोय, ही गोष्ट डिकन्सने आयुष्यभर लोकांपासून लपवली, ती जगाला कळली फॉर्स्टरमुळे, आणि तीही बरीचशी डिकन्सच्याच शब्दांत. ती पानं वाचताना मला गलबलून आलं, खरंच.

पण मग तो गप्प बसायला लागतो, आणि माझं गाडं तिथेच अडलं. ९ जून १८६५ ला स्टेपलहर्स्टला रेल्वेचा मोठा अपघात झाला, दहा माणसं गेली, डिकन्स त्या गाडीत होता. फॉर्स्टर अपघाताचं सांगतो, पण डिकन्सच्या डब्यात एलन टर्नन, म्हणजे जिच्याशी त्याचं लपवलेलं नातं होतं ती तरुण नटी, आणि तिची आई होती हे सांगत नाही. एलन पुस्तकभर कुठेच नाही, आणि शेवटी परिशिष्टात मृत्युपत्र छापलंय त्यात पहिलंच नाव तिचं, एक हजार पौंड! ही कोण, कुठून आली, काही पत्ता नाही. मी खूप चिडलो होतो. मित्राची अब्रू राखायची होती त्याला, एलनही तेव्हा हयात होती, हे सगळं मान्य, पण ते एकदा लक्षात आल्यावर मला प्रत्येक पानावर वाटायला लागलं की इथे काय गाळलं असेल.

टॉमलिनचा एलनवर आधीच सगळा अभ्यास झालेला, त्यामुळे ती अडखळत नाही. १८५८ मध्ये डिकन्सने बायकोला, दहा मुलांच्या आईला, घरातून कसं दूर केलं आणि त्यावर स्वतःच्या साप्ताहिकात जाहीर निवेदन छापलं, हे ती सरळ मांडते, पुरावा कुठे संपतो आणि आपला अंदाज कुठे सुरू होतो तेही सांगते. आणि तरी तिला डिकन्स आवडतो हं. पुस्तकाची सुरुवातच १८४० मधल्या एका चौकशीने होते, ज्युरीवर बसलेला डिकन्स, बाळाच्या मृत्यूचा आरोप असलेली गरीब मोलकरीण, आणि तिच्या बाजूने त्याने केलेली धडपड. कादंबऱ्यांचे निकाल मात्र ती फारच पटापट लावते, काही मला पटले नाहीत.

ज्याला फक्त लेखनाची प्रक्रिया हवी त्याला कदाचित फॉर्स्टरच बरा पडेल. पण एकच पूर्ण वाचायचं असेल तर मी टॉमलिन म्हणेन. फॉर्स्टरचे कॉपीराइट कधीच संपलेत, नेटवर फुकट मिळतो, त्यामुळे कारखान्याचं प्रकरण तेवढं त्याच्याकडून नक्की वाचा, ते टॉमलिनकडे तितकं मनाला लागत नाही.