पाताळपाणी धबधब्याच्या पायथ्याशी नेणारी ट्रेक सर्व्हिस, आमचा अनुभव

इंदूरहून महूमार्गे पाताळपाणी तासाभरावर, रेलिंगपाशी फोटो काढून परत यायचं हे आम्ही लहानपणापासून करत आलोय, पण खाली डोहापर्यंत यंदा दसऱ्यानंतर पहिल्यांदाच गेलो, एका लोकल ग्रुपसोबत. गाइडदादा गावचेच, रुळलेली वाट सोडून झाडीतून उतरवलं, प्रत्येक निसरड्या दगडावर आधी स्वतः पाय ठेवून बघायचे आणि मगच आईला हात द्यायचे, हे मला फार आवडलं. खाली पोचल्यावर जवळपास 300 फुटांचा काळा कातळ आणि वरून कोसळणारं पाणी, आई तर हात जोडून उभीच राहिली!

डोहात मात्र कोणालाच उतरू दिलं नाही. बरोबरच केलं, जुलै 2011 मध्ये इथेच अचानक लोंढा येऊन माणसं वाहून गेली होती, वर पाऊस पडला की खाली कळायला वेळच मिळत नाही.

तक्रार एकच, दोरी एकच होती आणि आम्ही चौदा जण, चढताना खूप थांबावं लागलं. जेवण घरून न्या, पोळीभाजी पुरते. भर पावसाळ्यात कोणी नेतो म्हणालं तरी जाऊ नका.