लातूरमध्ये बनवून घेतलेला फिश टँकचा काचेचा संप: काम, दर आणि दोन तक्रारी

गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत सलूनचे आरसे आणि मिठाईवाल्यांचे काउंटर बनवणारं एक काचेचं दुकान आहे. पाटी नाहीच, दारात उभ्या टेकवलेल्या काचा हीच खूण. माझ्या रीफ टँकचा, म्हणजे कोरल असलेल्या खाऱ्या पाण्याच्या फिश टँकचा, संप (खाली ठेवायची फिल्टरची टाकी) मी तिथून करून घेतला. मुंबई-पुण्याचे तयार अ‍ॅक्रेलिकचे संप दिसायला झकास असतात, पण लातूरला येईतो भाडंच अंगावर येतं. आणि माझ्या स्टँडखाली बसेल असं एकही माप मिळेना.

टाकी लहानच आहे. 75 बाय 45 बाय 45 सेंटीमीटर, म्हणजे काठोकाठ भरली तर दीडशे लिटर. त्यात क्लाउन माशांची जोडी, झोअँथिड आणि मशरूम हे मऊ अंगाचे कोरल. कठीण कोरल आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यांच्या वाटेला मी जात नाही. खालचा संप 60 बाय 30, उंची 35.

"ताई, वरचं पाणी खाली न्यायचं अन् परत वर चढवायचं, हे कशापायी करायलात?" दुकानाच्या चाचांनी आधी हे विचारलं. स्किमर (पाण्यातली घाण फेसासोबत काढणारं यंत्र), हीटर सगळं खाली डोळ्याआड राहतं, एकूण पाणी वाढतं आणि वरच्या टाकीची पातळी हलत नाही, एवढं सांगितल्यावर ते माझ्या आकृतीकडे बघत बसले. मग म्हणाले, "अन् लाइट गेल्यावर?"

या एका प्रश्नासाठी दुकानाला पैकीच्या पैकी गुण. पंप बंद पडला की वरचं पाणी ओव्हरफ्लोच्या (पाणी खाली सोडणाऱ्या वाटेच्या) दात्यांपर्यंत आणि रिटर्नच्या (पाणी परत वर चढवणाऱ्या) नळीच्या तोंडापर्यंत खाली उतरतं. माझ्या टाकीत एक सेंटीमीटर पाणी म्हणजे जवळपास साडेतीन लिटर. तीन सेंटीमीटर उतरलं तर दहा, वर पाइपातलं दोनेक, असे बारा लिटर एकदम संपात येणार. काचेची जाडी वजा जाता संपात एका सेंटीमीटरला पावणेदोन लिटरच्या आसपास मावतं, म्हणजे पातळी सात सेंटीमीटर चढणार. चालू पातळी वीस धरली तर सत्तावीस, आणि वर आठ सेंटीमीटर मोकळे. चाचांनी हा हिशेब काचेवरच मार्करनं लिहिला आणि सत्तावीसला रेघ मारली. रिटर्नच्या नळीला पाण्याच्या पातळीलगत छोटं भोक पाडतात, हवा आत शिरून सायफन (नळीतून पाण्याची आपोआप चालणारी ओढ) तुटावा म्हणून. पण त्यात शेवाळ अडकतं, तेव्हा त्याच्या भरवशावर संप लहान करू नये. चेक व्हॉल्व्हचंही (पाणी उलटं येऊ न देणाऱ्या झडपेचं) तेच, एखादी गोगलगाय अडकली की तो उघडाच राहतो.

कप्पे तीन. पहिल्यात फिल्टर सॉक (गाळणीची कापडी पिशवी) आणि स्किमर. स्किमरला एकाच उंचीचं पाणी लागतं, म्हणून ही पातळी काचेनं बांधून टाकलेली. मग बुडबुडे अडवणाऱ्या तीन काचा: पाणी पहिलीवरून, मधलीखालून, तिसरीवरून जातं. मधली काच तळापासून इंचभर वर उचललेली असते. ते बघून दुकानातला पोरगा "ही खाली टेकलीच नाही" म्हणत ती काढायला निघाला होता, चाचांनीच थांबवला. सिलिकॉन वाळेपर्यंत तिच्याखाली काचेचेच गुटके ठेवले होते, अंतर सूतभरही हललं नाही. सिलिकॉन साधं, आंबट वासाचं. बाथरूमसाठीचं बुरशी न धरणारं नको म्हटल्यावर त्यांनी ट्यूब माझ्या हातात देऊन वाचायला लावली.

रिटर्नचा कप्पा मात्र हात आखडून करू नका. बाष्पीभवनाची सगळी घट तिथेच दिसते. माझा पंधरा सेंटीमीटर रुंद आहे, त्यात दोन लिटर आटले की पातळी साडेचार सेंटीमीटरनं खाली. वैशाखात संपावर पंखे लावले की तापमान दोनेक अंशांनी उतरतं, पण पाणीही झपाट्यानं आटतं. ऑटो टॉप-ऑफ (आटलेलं पाणी आपोआप भरणारी सोय) नसेल तर पंप हवा ओढायला लागतो. आणि टॉप-अपला आरओचंच पाणी हवं, कारण उडतं ते पाणी, मीठ मागेच राहतं. आमचं बोअरचं पाणी जड, आरओचं वाया जाणारं पाणी फरशी पुसायला जातं. 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी प्यालेल्या गावात हिनं समुद्र मांडलाय, हे शेजारच्या काकूंचं म्हणणं मी ऐकून घेते.

टाकीच्या मागच्या काचेला दोन भोकंही चाचांनीच पाडली. लांबीचं (पुटीचं) गोल कडं करून त्यात पाणी भरलं आणि हिऱ्याचा बिट हळूहळू उतरवला. काठावर एक टवका नाही. आधी काच टफन नाही ना, याची खात्री त्यांनी करून घेतली, कारण टफन काचेला बिट लावला की तिचा चुराच होतो. एका पाइपातून पूर्ण सायफन, दुसरा अडचणीसाठी कोरडा. सायफनच्या पाइपला गेट व्हॉल्व्ह लावून पातळी जमवली की गुडगुड आवाज येत नाही. सासूबाई शेजारच्याच खोलीत झोपतात, त्यांची हरकत नाही. व्हॉल्व्ह पीव्हीसीचाच घ्या. हार्डवेअरवाले पितळेचा पुढे करतात, पण त्यातलं तांबं कोळंबी आणि कोरलला विष आहे.

आता तक्रारी. आतल्या काचांच्या कडा घासलेल्या नव्हत्या. बाहेरच्या चकाचक आणि आतल्या धारदार, सॉक बदलताना बोट कापावं अशा. त्या मी घरी पाण्यात भिजवलेल्या पॉलिश पेपरनं मारल्या. दुसरी, "परवा या" म्हणजे परवा नाही. लग्नसराईत आरशांची कामं आधी होतात, तुमचा संप कोपऱ्यात पडून राहतो. पक्कं बिलही मागूनच घ्यावं लागलं.

काच, सिलिकॉन, भोकं आणि मजुरी धरून साडेतीन हजार झाले. द्यायच्या आधी संप काठोकाठ भरून खाली रद्दी अंथरून रात्रभर ठेवला होता, सकाळी मला बोलावून कोरडी रद्दी दाखवली. जाणार असाल तर बल्कहेड (भोकात बसवायचा, पाणी न गळणारा पाइपाचा जोड) सोबत न्या. त्यांच्याकडे ते मिळत नाहीत, आणि हातात घेऊन मोजल्याशिवाय ते भोक पाडत नाहीत. शुक्रवारी दुपारी दुकान बंद असतं.