पंचतंत्र घ्यावं की श्रावणातल्या कहाण्या?

मुलांना गोष्ट लिहायला शिकवायची तर सुरुवात कशाने करावी, हा प्रश्न इंदूरच्या मराठी घरांत जरा जास्तच अडतो. शाळा हिंदी नाहीतर इंग्रजी, मराठी उरली ती ताटावर बसल्यावरची. माझी मुलगी आणि तीन भाचरं यांना मी रविवारी पोहे-जिलबी आटोपली की वह्या घेऊन बसवतो. दोन वर्षं पंचतंत्र केलं, मग कहाण्यांकडे वळलो.

पंचतंत्राचं श्रेय आधी देऊन टाकतो. गोष्ट नेमकी कुठे वळते, हे त्यात बोट ठेवून दाखवता येतं. माकड मगरीला म्हणतं, ‘काळीज तर झाडावरच राहिलं’, आणि त्या एका थापेने मगर काठाकडे वळते. कहाणीत हे जमत नाही. तिथे अडलं की देव पावतो, आणि पोरं ही सोय फार लवकर उचलतात.

मग सोडलं कशासाठी? तात्पर्यासाठी. भाचा पान उघडायच्या आधी विचारायचा, ‘मामा, शिक्षा कोणती लिहू?’ शाळेतल्या हिंदी पुस्तकात तात्पर्याला ‘शिक्षा’ म्हणतात. मराठीत त्या शब्दाचा जो अर्थ होतो, तोच मला हळूहळू पटायला लागला. वर ‘लोभ करू नये’ लिहायचं आणि खाली चार ओळींत कुणाला तरी लोभी करून मारायचं. कोल्हा असो की वाणी, सगळे त्या ओळीचे नोकर. मी दटावलं, समजावलं, बक्षीस लावलं. शिक्षा सुटेना.

पंचतंत्र रचणाऱ्या विष्णुशर्म्याचा यात दोष नाही, हेही सांगायला हवं. मूळ पंचतंत्रात श्लोक बहुधा गोष्टीच्या आधी येतो, तोही अर्धवट कोड्यासारखा, म्हणजे ऐकणाऱ्याने ‘कथमेतत्’, ते कसं काय, असं विचारावं. मित्रभेद या त्याच्या पहिल्या भागाच्या शेवटी तर संजीवक बैल जिवानिशी जातो आणि कपटी दमनक कोल्हा प्रधान होऊन बसतो. याचं काय तात्पर्य काढणार? पण बाजारात मिळणारी पातळ, रंगीत पुस्तकं हे सगळं गाळतात आणि खाली चौकटीत उपदेश छापतात.

कहाणीला सुरुवात आयती आहे : आटपाट नगर होतं. शेवटही आयता : साठा उत्तरांची कहाणी, पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण. दोन्ही टोकं बांधलेली, त्यामुळे पोराला फक्त मधलं बघायचं. वाक्यं तोंडी सांगायची, म्हणून आखूड. आठवड्याला तासभर मराठी लिहिणाऱ्याला झेपतात. आणि निदान आमच्या पोरांनी कहाणी हिंदीत वाचलेली नव्हती, त्यामुळे लिहिताना ‘लोमडी’ आणि ‘बंदर’ मधे येत नव्हते.

खुलभर दुधाची कहाणी घेतली होती. राजाच्या हुकमाने गावचं सगळं दूध महादेवाच्या गाभाऱ्यात ओततात, गाभारा भरत नाही. म्हातारी घरच्या पोराबाळांना, वासरांना पाजून उरलेलं खुलभर आणते आणि तो भरतो. बोध यातही आहे, पण तो म्हातारीच राजाला सांगते, गोष्टीच्या आत राहून. मी म्हटलं, दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडून लिहा. भाच्याने वासरू घेतलं. दोरी ताणली, आईचा वास आला, बादली निघून गेली, एवढंच. शिक्षा विचारायला तो विसरला होता.

काही घरांत व्रतवैकल्य, सवती, नावडती राणी हे नको वाटतं. ते मला समजतं. मुलं अकरा-बाराची असतील आणि मराठी बरी असेल, तर पंचतंत्रही उत्तम चालेल. फक्त खालच्या चौकटीवर कागदाची पट्टी चिकटवून मग पुस्तक हातात द्या. आमच्याकडच्या प्रतीवर अजून ती आहे, कोपऱ्यातून थोडी उचकटलेली.